आपला हिवाळा आणि आपली मोटार



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहीजण हसले असतील. हिवाळ्यासाठी मोटार तयार करायची, ती कशासाठी? इथे काय काश्मीर आहे? रस्त्यावर बर्फ पडत नाही, नळातले पाणी गोठत नाही. दुपारी दोन वाजता तर अंगातला स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. पावसाळ्याआधी ब्रेक आणि टायर पाहून घ्यावेत हे सगळ्यांना पटते, उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून पाणी पाहावे हेही पटते. हिवाळा मात्र गाडीच्या सुखाचा ऋतू, असे आपण धरून चाललो आहोत.

मी मोटारीचा कारागीर नव्हे. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. पण आपल्या हिवाळ्याचा स्वभाव हा भूगोलाचाच विषय आहे, आणि गाडीची तयारी त्या स्वभावावरून ठरते. म्हणून हे बोलण्याचे धाडस करतो आहे.

हा स्वभाव कसा आहे ते आधी पाहू. ऑक्टोबरात पाऊस माघारी गेला की देशावरचे आकाश निवळते. दिवसभर जमीन तापते आणि रात्री तीच उष्णता मोकळ्या आकाशात निघून जाते. वर ढगांचे पांघरूण असते तर ती अडली असती. पण ते नसते. त्यामुळे नाशिक-येवल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो आणि पहाटे दहाच्या आसपास उतरतो. निफाडला तर काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या आपण वाचतोच. विदर्भातल्या, विशेषतः नागपूर-गोंदियाकडच्या श्रोत्यांना थंडी मी सांगायला नको. कोकणात समुद्र जवळ असल्याने दिवस आणि रात्र यांत एवढी तफावत पडत नाही. पण घाट चढून कराड-कोल्हापूरकडे यायचे असेल तर त्या मंडळींनीही हे ऐकून ठेवावे.

म्हणजे आपल्याकडे एकाच दिवसात दोन हवामाने नांदतात. दुपारी दोनचे एक आणि पहाटे पाचचे दुसरे. गाडीची तपासणी आपण करतो ती दुपारी, गॅरेज उघडे असते तेव्हा, आणि त्या वेळी सारे काही ठीकच दिसते. गाडी लागते मात्र पहाटे. दुधाचे कॅन घेऊन निघणारा पिकअप, टोमॅटोचे क्रेट भरून बाजार समितीला जाणारा छोटा हत्ती, शनिवारच्या सकाळच्या शाळेसाठी चौघांत एक गाडी करून निघालेली गुरुजी मंडळी, हे सगळे पहाटेच्या हवामानात गाडी चालवतात. तेव्हा तयारी करायची ती पहाटे पाचसाठी, हे एकदा मनाशी धरले की पुढचे सगळे आपोआप सुचत जाते.

पहिली गोष्ट धुक्याची, कारण माणसे दगावतात ती येथे.

थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहत जाते आणि खोलगट जागी साचते. त्या खोलगट जागी ओढा असेल, कालवा असेल, भिजवलेला उसाचा मळा असेल, तर हवेत दमटपणा भरपूर असतो. वारा पडलेला, आकाश निरभ्र, जमीन थंडगार. झाले, धुके तयार. म्हणून आपल्याकडचे धुके बहुधा सलग नसते, तुकड्यातुकड्यांनी असते. माळावर चांदणे लख्ख पडलेले असते, गाडी मजेत सत्तरने चाललेली असते, आणि उतारावरून पुलाकडे वळलात की समोर एकदम पांढरी भिंत उभी राहते. गोदावरी, कृष्णा, पंचगंगा यांच्या काठच्या लोकांना हा अनुभव नवा नाही. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीच्या बाजूने पहाटे जाणाऱ्यांना तर नाहीच नाही.

शिक्षक बंधुभगिनींना येथे एक सुचवतो. गावाचा आणि आसपासच्या रस्त्यांचा साधा नकाशा वर्गात टांगा. मुले सकाळी येतात, त्यांना रोज विचारा, आज धुके कोठे लागले? तेथे पेन्सिलीने टिंब द्यायचे. पंधरा दिवसांत टिंबांचे पुंजके दिसू लागतील आणि ते ओढ्यानाल्यांना धरूनच असतील. मुलांचा भूगोल पक्का होईल, आणि गावातल्या ड्रायव्हर मंडळींना तो नकाशा फुकटात वापरता येईल.

आता थोडे गणित. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काही दिसले, ते मनाला उमगले आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. पुढे ब्रेक लागून ती थांबेपर्यंत चांगल्या कोरड्या रस्त्यावरसुद्धा आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे सारे मिळून पन्नास मीटरच्या आसपास. धुक्यात तुम्हाला दिसत असतात जेमतेम तीस मीटर. मग उरलेले वीस मीटर कोणाच्या भरवशावर? हाच हिशेब ताशी ३० चा करून पाहा. सुमारे १८ मीटरांत गाडी उभी राहते. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे, एवढाच नियम आहे. गाडीची किंमत कितीही असो, तो बदलत नाही.

धुक्यात अप्पर लावला की जास्त दिसेल असे वाटते, होते उलटे. वरचा झोत धुक्याच्या थेंबांवरून परत डोळ्यांत येतो. डिप्परवरच चालावे. खाली बसवलेले धुक्याचे दिवे असतील तर ते लावावेत, पण त्यांच्या भरवशावर वेग वाढवू नये. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर एकदम लुकलुकत ठेवण्याची एक पद्धत पडली आहे. तिचा त्रासच अधिक, कारण तुम्ही वळणार आहात, थांबला आहात की चालला आहात हे मागच्याला कळत नाही. ते दिवे बिघडून थांबलेल्या गाडीसाठी आहेत.

दिव्यांची तयारी मात्र घरीच करता येते. हेडलाइटची प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळट झाली असेल तर ती घासून, पॉलिश करून घ्यावी; निम्मा प्रकाश तेथेच अडलेला असतो. मागचे दिवे आपल्याला बसल्या जागेवरून दिसत नाहीत. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि ब्रेक दाबा. भिंतीवर दोन तांबडे डाग पडले पाहिजेत. किंवा घरातल्या पोराला मागे उभे करा. ती पोरे हे काम फार आनंदाने करतात.

आणि आता उसाची गाडी. कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, म्हणजे नेमका थंडीबरोबर. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर बाहेर लोंबणारा ऊस आणि रात्रीचा प्रवास. ट्रॉलीला मागे दिवा असलाच तर तो उसाच्या वाढ्याखाली झाकून गेलेला असतो. बैलगाडीला तर तोही नसतो. धुक्यात, अंधारात, ताशी पंधराने चाललेली ही काळी सावली मागून येणाऱ्याला दिसते ती अगदी जवळ आल्यावर. येथे मी मोटारवाल्यांइतकेच ट्रॅक्टरवाल्यांना आणि गाडीवान मंडळींना सांगतो आहे. तांबडा रिफ्लेक्टर वाढ्याखाली जाणार नाही इतका खाली आणि बाहेरच्या बाजूला बांधा. चमकणाऱ्या तांबड्या पट्टीचा तुकडा दोन्ही कडांना चिकटवा. त्यावर धूळ बसते, म्हणून फेरीला निघताना त्यावरून फडके फिरवा. ट्रॉली नादुरुस्त झाली तर रस्त्यात दगड मांडून निघून जायचे आणि काम झाल्यावर ते दगड तेथेच सोडायचे, ही तर आपली फार जुनी आणि फार वाईट सवय आहे. दगड अंधारात दिसत नाही, हे सांगायला शास्त्र कशाला हवे?

असो. दिसण्याचीच दुसरी बाजू म्हणजे आपली समोरची काच.

चौघे गुरुजी गाडीत बसले, थंडी म्हणून चारही काचा लावल्या, गप्पा सुरू झाल्या. दहा मिनिटांत समोरची काच आतून पांढरी. ड्रायव्हर एका हाताने पुसतो आणि दुसऱ्याने चालवतो. हे पाणी आले कोठून? आपल्याच श्वासातून. बाहेरून काच थंड झालेली असते आणि आतल्या दमट हवेतले पाणी तिच्यावर जमते, थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब धरतात तसेच. उपाय हातातच आहे. आतलीच हवा फिरवत ठेवणारे बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्या, झोत काचेकडे वळवा आणि एसी लावा. 'अहो, थंडीत एसी?' असे कोणीतरी विचारणारच. पण एसी हवा नुसती गार करत नाही, ती कोरडीही करतो. उन्हाळ्यात गाडीखाली जे पाणी ठिबकते ते आतल्या हवेतूनच काढलेले असते. त्याबरोबर गरम हवेची कळ फिरवली की हवा कोरडी आणि उबदार अशी दोन्ही मिळते. जुन्या गाडीत एसी नसेल तर दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटे खाली करा आणि मफलर बांधा.

काचेवर आतून एक तेलकट पापुद्रा धरतो. डॅशबोर्डवर रोज उदबत्ती लावणाऱ्यांच्या गाडीत तो जरा लवकर धरतो, याचा राग मानू नये. या पापुद्र्यावर समोरच्या गाडीचा प्रकाश पडला की सारी काच फुटल्यासारखी चमकते. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने आणि मग जुन्या वर्तमानपत्राने आतून काच पुसली की काम झाले. वायपरचे रबर पावसाळाभर झिजून ऑक्टोबरच्या उन्हात कडक झालेले असते. पाऊस संपला म्हणून ते बदलायचे आपण पुढे ढकलतो, आणि पहाटेच्या दवात काचेवरची धूळ भिजून जो चिखल होतो तो हे रबर नुसता पसरवते. ते आत्ताच बदलावे. धुण्याच्या डबीत पाणी भरून ठेवावे. थंड काचेवर उकळते पाणी मात्र ओतू नये, काच तडकते.

यातच एक भूगोलाची गंमत सांगतो. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो, म्हणून सूर्यही लवकर उगवू लागत असेल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. आपल्याकडे सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, संक्रांतीच्या सुमारास आणि त्यानंतरचे काही दिवस. सूर्योदय सातच्याही पुढे जातो. म्हणजे पूर्वेकडे तोंड करून शाळेला किंवा बाजाराला जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, ऐन वाहतुकीच्या वेळी, नुकता वर आलेला सूर्य असतो. काच मळकी असेल तर त्या पाच-दहा मिनिटांत समोरचा सायकलवाला दिसत नाही.

आता बॅटरीकडे वळू. 'कालपर्यंत गाडी चांगली चालू होत होती, आज थंडीने बॅटरी गेली,' असे आपण म्हणतो. हा थंडीवर खोटा आळ आहे. बॅटरी मारतो उन्हाळा. एप्रिल-मेच्या उष्णतेने तिच्यातले पाणी आटते, आतल्या पट्ट्या झिजतात. अर्धमेली बॅटरी तरीही उबदार हवेत इंजिन फिरवते. थंडीत मात्र दोन गोष्टी एकदम होतात. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि इंजिनातले तेल घट्ट झाल्याने ते फिरवायला जोर जास्त लागतो. मिळकत घटली आणि खर्च वाढला. मग सेल्फ मारला की नुसते टकटक वाजते. १९१२ साली चार्ल्स केटरिंग याच्या विजेच्या स्टार्टरने कॅडिलॅक गाडीतून हँडल मारण्याचे कष्ट संपवले, पण त्या दिवसापासून सगळा भार बॅटरीवर आला.

म्हणून बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर दिवाळीच्या सुमारास ती तपासून घ्यावी. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी मोजले तर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा, १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी निम्मी उतरली असे समजावे. मीटर नसेल तर कान आहेत. स्टार्टरचा आवाज रोजच्यापेक्षा जड, रेंगाळलेला येऊ लागला की समजायचे. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी धरली असेल तर आधी वजा बाजूची, म्हणजे काळी वायर सोडवावी, मग तांबडी. खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून जुन्या ब्रशाने घासावे, कोरडे करावे आणि जोडताना तांबडी आधी, काळी नंतर जोडून वर व्हॅसलिनचे बोट फिरवावे. पाणी घालायच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घालावे, विहिरीचे नव्हे. हे करताना विडी ओढू नये. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो.

डिझेलच्या गाडीत किल्ली फिरवल्यावर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. हीटर प्लग आतली हवा तापवत असल्याची ती खूण आहे. दिवा विझेपर्यंत थांबावे. दोन-तीन सेकंदांचाच प्रश्न असतो, आणि तेवढ्याने बॅटरीवरचा बराच भार वाचतो.

तेलाच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असे लिहिलेले आपण पाहतो. त्यातले 'डब्ल्यू' हे अक्षर विंटर या शब्दाचे, म्हणजे हिवाळ्याचे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत पातळ राहते. मात्र गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेच तेल घालावे. शेजाऱ्याच्या गाडीला चालते म्हणून आपल्या गाडीला घालू नये. सकाळी इंजिन चालू करून दहा मिनिटे उभे ठेवण्याची चालही जुन्या, चोक ओढायच्या गाड्यांबरोबर जायला हरकत नाही. आताच्या गाडीला अर्धा मिनिट पुरतो. नंतर पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवावे, म्हणजे झाले.

टायरचे थोडक्यात सांगतो. हवा थंड झाली की तिचा दाब कमी होतो. वीस अंशांच्या फरकाला साधारण तीन पौंड. दुपारी, चालून तापलेल्या टायरमध्ये पंक्चरवाल्याने ३२ भरली, तर पहाटे ती २८-२९ च असते. मऊ टायर डिझेल खातो, कडांनी झिजतो आणि वळणावर गाडी ओढतो. तेव्हा हवा सकाळी, टायर थंड असतानाच पाहावी. किती भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते.

'आपल्याकडे पाणी कोठे गोठते?' असे म्हणून काहीजण रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे पाणी घालतात. कूलंट गोठू देत नाही हे खरे, पण ते गंजही धरू देत नाही आणि पाण्याची उकळी लांबवते. विहिरीच्या जड पाण्याने आत खपली धरते, आणि तिचा हिशेब मे महिन्यात चुकता होतो. कूलंट चवीला गोड आणि विषारी असते, म्हणून सांडलेले लगेच धुऊन टाकावे. जनावरे आणि लहान मुले ते चाटतात.

आता शेवटचे, आणि ते जरा थांबून ऐकावे. थंडीत कारखान्याच्या आवारात रात्र रात्र गाड्यांची रांग लागते. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतात. ऊब यावी म्हणून काचा घट्ट लावून कोणी इंजिन चालू ठेवतो, कोणी कोळशाची शेगडीच आत घेतो. धुमसत्या कोळशातून आणि इंजिनाच्या धुरातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला प्राणवायू वाहणारा घटक या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने धरतो, आणि मग शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखते, मळमळते, झापड येते. झोपलेल्या माणसाला तेवढेही कळत नाही. शेगडी केबिनमध्ये कधीच नको. काच थोडी उघडी ठेवली आहे, या समजुतीवर तर नकोच नको. इंजिन बंद करून दोन घोंगड्या घ्याव्यात. घरीसुद्धा पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालू करून गाडी उभी ठेवू नये. चालू करताच बाहेर काढावी. आणि कोणी असा बेशुद्ध सापडला तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे, १०८ वर गाडी बोलवावी, आणि 'धुराने झाले आहे' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दोन लहान गोष्टी राहिल्या. रात्री इंजिनाच्या उबेला मांजर बॉनेटखाली शिरते. सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. ते उडी मारून निघून जाते. आणि स्टेपनी. तिची हवा वर्षभर कोणी पाहत नाही. ती भरून घ्यावी, जॅक आणि पाना जागेवर आहेत ना ते पाहावे. पहाटेच्या अंधारात मोबाइलचा दिवा एका हातात धरून चाकाचे नट सुटत नाहीत. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्यांच्या घरी कपाळाला बांधायची बॅटरी असतेच. तीच गाडीत ठेवावी, आणि शेतावर नेली तर परत आणून ठेवावी.